‘येतो’ म्हणून गेलेलं माणूस

आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी विचारलं, की यात समीक्षेसारखं काय आहे? मोठा झालेला मुलगा घरी येतो, आई वाढते, वडील पेपर वाचतात, दोन दिवसांनी मुलगा परत जातो. संपलं. आम्ही म्हटलं, तेच तर बघायचं आहे. एवढ्याशा गोष्टीभोवती मराठीत चांगली नाटकं आणि सिनेमे झाले, आणि त्यांच्याकडे बघताना आपण दुसरंच काहीतरी बघत राहिलो. वाडा पाहिला, जात पाहिली, गरिबी पाहिली. ते पाहायलाच हवं होतं. पण त्या सगळ्याच्या मधोमध एक आई किंवा एक बाप उभा असतो, समोर आपलंच मोठं झालेलं मूल असतं, आणि दोघांना बोलता येत नसतं. आज तेवढंच बघू.

आधी थोडं भाषेकडे वळू. मूल परत आलं की दारातच प्रश्न सुरू होतात. कधी निघालास? गाडी वेळेवर होती का? जेवण व्हायचंय ना? आणि मग, चपला काढून होतात न होतात तोच, किती दिवस आहेस? पहिले तीन प्रश्न उत्तरासाठी नसतातच. खरा प्रश्न चौथा. तो इतक्या सहज, पाण्याचा तांब्या पुढे करता करता विचारला जातो, की त्यात भीती आहे हे कोणाला कळू नये. मूलही तयारच असतं. ‘बघू’ म्हणतं. तिकीट खिशात असतं, तरी ‘बघू’ म्हणतं.

आणि निघताना आपण काय म्हणतो? ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो. चुकून कोणी ‘जातो’ म्हणालं तर म्हातारी माणसं लगेच दुरुस्त करतात, जातो काय, येतो म्हणावं. म्हणजे आपल्या भाषेत घर सोडणं हेसुद्धा परत येण्याचं वचन देऊनच करावं लागतं. वर्षानुवर्षं ‘येतो’ म्हणून गेलेलं माणूस जेव्हा खरोखर येतं, तेव्हा ते वचन पाळायला आलंय की मोडल्याची कबुली द्यायला, हे दोघांनाही ठरवता येत नाही.

आता एक गंमत बघा. मुलीच्या परत येण्याला मराठीत शब्द आहे. माहेर. ती माहेरवाशीण. तिचं माहेरपण करायचं असतं, सण ठरलेले असतात, ओटी भरायची रीत असते, जात्यावरच्या ओव्यांत माहेरचा अख्खा प्रांत आहे. ती आली की काय बोलायचं, काय करायचं, काय रांधायचं, हे परंपरेनं लिहून ठेवलेलं आहे. त्यात तिचं दुःख बोलायला जागा होती की नाही, तो भाग वेगळा. त्याकडे आपण येऊच. पण साचा होता. मुलाच्या परत येण्याला असा शब्दच नाही, कारण मुलगा जायचाच नव्हता. 1850च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या आल्या, माणसं देशावरून, कोकणातून निघाली, आणि कोकणानं तेवढा एक शब्द घडवला, चाकरमानी. गणपतीला येतो तो, शिमग्याला येतो तो. चाकरमान्याचं बरं असतं, आल्या आल्या मखर बांधायचं असतं, हाताला काम असतं, बोलावं लागत नाही. (हशा.) पण सण नसताना, नुसताच, घरी आलेला मुलगा? त्याला आपण एकच शब्द देतो. पाहुणा. नवी चादर काढतो, कपबशी चांगल्यातली काढतो. आणि त्याला कळतं की आपण या घरचे राहिलो नाही. कारण घरच्याला कधी कोणी चांगली कपबशी दिलेली नसते.

अजून एक. आपल्याकडे अनेक घरांत वडिलांना वडील म्हणून वेगळी हाकच नव्हती. एकत्र कुटुंबात काका ज्याला दादा म्हणतो त्याला मुलंही दादा म्हणू लागतात. कोणाचे वडील अण्णा, कोणाचे भाऊ, कोणाचे तात्या. म्हणजे हाक सगळ्या घराची, एकट्या मुलाची नव्हे. आईला ‘अगं तू’, वडिलांना ‘अहो तुम्ही’. या व्याकरणात बापाशी खासगी बोलायची सोय कुठे होती? ते बोलणं आईमार्फत चालायचं. ‘त्याला विचार जेवणार का.’ ‘त्यांना सांग उद्या निघतोय.’ तिघं एकाच खोलीत बसलेली असतात, आणि आई दुभाष्याचं काम करत असते. आई गेली की पुष्कळ घरांत बाप आणि मुलगा यांच्यातली भाषाच जाते. या गोष्टीवर मराठीत मोठं नाटक अजून झालेलं नाही, असं आमचं मत आहे.

झालेल्या नाटकांकडे वळू. ‘वाडा चिरेबंदी’. महेश एलकुंचवारांचं हे नाटक विजया मेहतांनी 1985 साली रंगमंचावर आणलं. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ आले, आणि 1994 साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही सलग केले. पण आज पहिल्यापुरतंच बोलू. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा. तात्याजी वारलेले आहेत. सुधीर बायकोला, अंजलीला, घेऊन मुंबईहून येतो. घरात थोरला भास्कर, वहिनी, त्यांची मुलं, शिकायचं राहून गेलेली बहीण प्रभा, गड्यासारखा राबणारा चंदू, आई, आणि सगळ्यांच्या वरची म्हातारी दादी.

समीक्षेनं या नाटकाला सरंजामी व्यवस्थेच्या पडझडीचं नाटक म्हटलं. खरंच आहे ते. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, तेराव्याला गाव जेवायला घालायचंय, पैसा नाही. पण नाटक पुन्हा वाचताना एक गोष्ट जाणवते. सुधीर आल्यापासून घर त्याच्याशी सतत बोलतंय, आणि कशाबद्दल, तर खर्चाबद्दल. कोणी किती द्यायचे, दागिने कुठे आहेत, वाट्याला काय येणार. हे लोक लोभी आहेत असं म्हणून आपण मोकळे होतो. थोडे आहेतही. पण बाप गेलेल्या घरात भावाभावांना बापाबद्दल बोलता येत नाही, तेव्हा ते तेराव्याच्या खर्चाबद्दल बोलतात. ‘तू इथे नव्हतास’ हे वाक्य तोंडातून निघत नाही म्हणून त्याच्या जागी रुपयांचा आकडा येतो. आणि सुधीरनंही मुंबईत काही वैभव मिळवलेलं नाही. ते तो या घरात सांगू शकत नाही, कारण घराला त्याची मुंबई श्रीमंतच हवी आहे. दोन्ही बाजू गरीब आहेत आणि दोन्ही बाजूंना ते लपवायचंय. पैशाची भांडणं आपल्याकडे इतकी का चिघळतात, याचं एवढं नेमकं उत्तर आम्हाला अर्थशास्त्राच्या पुस्तकात मिळालेलं नाही.

यात आई कुठे आहे? मधोमध आहे आणि फारशी बोलत नाही. मराठी रंगभूमीला न बोलणारी आई फार आवडते. तिचं मौन आपण लगेच सोशीकपणाच्या खात्यात जमा करतो. आम्हाला मात्र वाटतं, की या आईचं मौन थोरवीचं नाही. हे घर चालत आलं ते आईसारख्यांना कोणी न विचारल्यामुळे, आणि तिला आता मुलाला तरी काय विचारायचं याची सवय नाही. विचारण्याची सवय लागते, बाबांनो. ती सत्तराव्या वर्षी अचानक येत नाही.

पण या नाटकातली खरी आई-मुलाची जोडी दुसरीच आहे, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही. दादी. ती कोपऱ्यात पडून आहे आणि पुन्हा पुन्हा वेळ विचारते. व्यंकटेशला हाक मारते. व्यंकटेश म्हणजे तात्याजी, म्हणजे तिचा मुलगा, म्हणजे ज्याचं तेरावं घालायचं चाललंय तो. सगळं घर ज्याला वडील म्हणून रडतंय, त्याला मूल म्हणून हाक मारणारं एकच माणूस त्या घरात आहे, आणि तिला उत्तर देण्यात कोणालाच अर्थ वाटत नाही. प्रयोगात त्या हाकेवर कधीकधी प्रेक्षक हसतात. म्हातारीची बडबड म्हणून. एलकुंचवारांनी तो धोका पत्करलाय. एका बाजूला मुंबईहून आलेला मुलगा आहे, त्याच्याशी काय बोलावं हे घराला कळत नाही. दुसऱ्या बाजूला कधीच न येणारा मुलगा आहे, आणि त्याच्याशी बोलणं त्याच्या आईनं थांबवलेलंच नाही. पहिल्या जोडीकडे बघताना दुसरी कानावर पडत राहिली, तरच नाटक पूर्ण ऐकल्यासारखं होतं.

इथे जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’चं नाव घ्यावं लागेल, कारण म्हातारे आईबाप म्हटलं की प्रेक्षक तेच नाव घेतात. नाना, नानी, अमेरिकेत गेलेला आणि न येणारा मुलगा. दळवींचं माणसं टिपण्याचं कसब त्यात आहे, वाद नाही. पण आमची एक जुनी तक्रार आहे. जो येतच नाही त्याला बाजू मांडता येत नाही. सगळं दुःख आईबापांच्या पारड्यात पडतं, आणि प्रेक्षागृहात बसलेली मुलं डोळे पुसून, मन हलकं करून बाहेर पडतात. रडलो म्हणजे भेटून आलो असं त्यांना वाटतं. नंतरच्या कितीतरी नाटकांनी आणि मालिकांनी हाच रस्ता धरला, तोही दळवींचं कसब नसताना. मूल दारात येऊन उभं राहिलं की मगच खरी अडचण सुरू होते. कारण तेव्हा त्याचंही काहीतरी खरं असतं.

ती अडचण तेंडुलकरांनी ‘कन्यादान’मध्ये घेतली. 1983चं नाटक. या नाटकाबद्दल आधी एक सांगून टाकलं पाहिजे. अरुण आठवले या दलित तरुणाचं जे चित्र त्यात आहे त्यावर तीव्र आक्षेप घेतले गेले, आणि त्यात तथ्य आहे असं आम्ही मानतो. देवळालीकरांच्या घरातली माणसं आतून दिसतात, अरुण बहुतांश बाहेरून दिसतो. एवढ्या मोठ्या नाटककाराच्या हातून हे झालं, आणि नाटकाला पुढे सरस्वती सन्मान मिळाला म्हणून ते पुसलं जात नाही. हे एका बाजूला लख्ख ठेवून आपण बाप-लेकीकडे बघू.

नाथ देवळालीकर समाजवादी, आमदार, आयुष्य एसटीच्या दौऱ्यांत गेलेलं. त्यांच्या घरात सगळं बोललं जातं. घरात लोकशाही आहे याचा त्यांना अभिमान आहे. वाड्यात जे नाही ते सगळं इथे आहे, खुली चर्चा, मुलांना मत, आईला स्वतःचं काम. मुलं वडिलांना ‘भाई’ म्हणतात. कार्यकर्ते म्हणतील तेच. आपण मघाशी हाकेबद्दल बोललो ते आठवा. जुन्या एकत्र कुटुंबात बापाची हाक घरानं ठरवली, इथे चळवळीनं. लेकीच्या वाट्याला स्वतःची अशी हाक इथेही आलेली नाही.

ज्योती लग्न करते, मार खाते, आणि माहेरी येते. या घरात माहेरपणाचे जुने साचे नाहीत, ओटी नाही, ओवी नाही. त्यांच्या जागी चर्चा आहे. मुलगी आली, आता बोलू या. आणि बोलता येत नाही. कारण या घरातली सगळी भाषा तत्त्वांची आहे, आणि पाठीवरच्या वळाला तत्त्व लागू करता येत नाही. नाथांना या लग्नात समाजाचा एक प्रयोग दिसला होता. तो फसतोय हे मान्य करायचं, तर मुलीबरोबर आयुष्यभराचं भाषणही खोटं ठरतं.

मग तो शेवटचा प्रसंग. अरुणच्या आत्मकथनावरच्या सभेला नाथ नाइलाजानं जातात आणि पुस्तकाची तोंडभरून स्तुती करतात. मुलीचं बरं व्हावं म्हणून. ज्योती सभा ऐकून घरी येते आणि बापाला जाब विचारते. ती चिडली आहे ती नवऱ्याची स्तुती केली म्हणून नाही. भाषण पोकळ होतं हे तिला ऐकताक्षणी कळलं म्हणून. बापाचा आवाज कधी खरा असतो आणि कधी नसतो, हे ओळखणारी त्या सभेत ती एकटीच होती. लहानपणापासून तिनं तेवढंच तर ऐकलं. म्हणजे बघा, बाप आयुष्यभर जगाशी बोलला, आणि एकदाच, आयुष्यात एकदाच, लेकीसाठी बोलायला गेला, तर तेही व्यासपीठावरून. त्याला दुसरीकडून बोलता येतच नव्हतं. ती त्याला सांगते, की माणूस मुळात वाईट नसतो हे तुम्हीच माझ्यात भरलंत, आता मला त्यातून बाहेर पडता येत नाही. आणि माहेरचं दार ती स्वतः लावून घेते. मराठी नाटकात माहेर मुलीला बंद झालेलं पुष्कळदा दिसतं, मुलीनं माहेर बंद केलेलं असं क्वचित.

व्याख्यान देणाऱ्यांनी हे नाटक पाहून थोडं अस्वस्थ व्हावं, असं आम्हाला वाटतं. आम्ही होतो.

आता सिनेमा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’, 1995चा. गरीब, कोरडवाहू गाव. थोरल्या गौरीच्या लग्नाच्या दिवशी नवऱ्याकडचं वऱ्हाड अपघातात मरतं. ती अपशकुनी ठरते. घर मोडतं, मामा तिला मुंबईला नेतो, आणि ती देहविक्रयात लोटली जाते. घर तिच्या पैशावर तगतं. आणि धाकट्या कृष्णाच्या लग्नासाठी गौरी परत येते. रेणुका दफ्तरदार गौरी, सोनाली कुलकर्णी कृष्णा, आणि आई उत्तरा बावकर.

आपण मघाशी म्हटलं, मुलीच्या येण्याला मराठीत साचा आहे. गौरीला तो लागू होत नाही. तिला सासर नाही, म्हणून ती माहेरवाशीण नाही. कमावून पैसे पाठवते, म्हणजे मुलाचं काम करते, पण चाकरमान्याचा मान तिला कोण देणार? तिच्या येण्याला शब्दच नाही. आणि शब्द नाही म्हणून आई तिच्याशी हातानं बोलते. हात आखडून घेते, दूर ठेवते, शुभकार्यात शिवू देत नाही. इथे उत्तरा बावकरांचं काम बारकाईनं बघा. ही आई निष्ठुर नाही. तिला सगळं माहीत आहे, आणि आपल्याला माहीत आहे हे गौरीलाही माहीत आहे, हे तिला सोसत नाही. एका प्रेमाच्या वाक्यातही पैशाचा उल्लेख येईल अशी स्थिती आहे. धान्य कुठून आलं, लग्न कशातून होतंय? म्हणून ती काहीच बोलत नाही. वाड्यात पैशाबद्दल बोलून दुःख टाळलं जातं. इथे दुःखाबद्दल बोललं तर पैसा बाहेर येतो. उलटसुलट, पण गाठ तीच.

आणि बोलतं कोण? कृष्णा. धाकटी. तिला ताई हवी आहे, एवढंच. आमच्या मते सिनेमाची खरी समज इथे आहे. वरच्या पिढीशी जे बोलणं अडतं ते भावंडांतून वाट काढतं. ‘कन्यादान’च्या घरात ज्योतीचा भाऊ जयप्रकाश आहे, पण तो त्रयस्थासारखा बघतो, विश्लेषण करतो, कारण त्या घरानं त्याला तेच शिकवलंय. कृष्णाला विश्लेषण येत नाही.

श्रोत्यांत परदेशातून जोडलेली मंडळी बरीच आहेत. त्यांच्यापैकी एकीनं विचारलंय, की आता रोज व्हिडिओ कॉल होतो, मग ही नाटकं जुनी झाली का? आम्हाला तसं दिसत नाही. फोनवर बोलणं सोपं, कारण तिथे गप्प बसता येत नाही. गप्प बसलं की ‘आवाज येतोय का?’ असं विचारावं लागतं. त्यामुळे बोलणं सतत भरलेलं असतं. भाजी काय केली, पाऊस आहे का, गोळी घेतली का. मग मूल प्रत्यक्ष घरी येतं तेव्हा सांगायच्या सगळ्या बातम्या आधीच सांगून झालेल्या असतात. पूर्वी प्रवासाचं, तिकडच्या हवेचं, नोकरीचं सांगण्यात पहिले दोन दिवस जायचे. आता पहिल्या संध्याकाळीच शांतता येते. आईवडील तुमच्याकडे बघतात, तुम्ही फोनकडे बघता. यावर नाटक लिहायचं तर ‘संध्याछाया’चा रस्ता चालणार नाही, कारण मूल इथे बेपत्ता नाही. रोज समोर आहे. वाट पाहण्याला जागाच उरलेली नाही, आणि तरी आई वाट पाहते आहे. कशाची, हे लिहिणाऱ्यानं शोधावं.

वेळ होत आली. दुसरा प्रश्न एका तरुण दिग्दर्शकाचा आहे. ‘वाडा’ आजच्या दोन तासांच्या प्रयोगात बसवायचं तर दादीची भूमिका कमी करता येईल का, ती गोष्ट पुढे नेत नाही. करता येईल. तिच्यावाचून कथानकाचा एकही टाका उसवणार नाही, आणि प्रयोग वेळेत संपेल. फक्त वेळ विचारणारं कोणी नसेल, आणि व्यंकटेश म्हणून हाक मारणारंही नसेल. मग उरेल ते भावाभावांच्या वाटणीचं नाटक. तेही काही वाईट नाही, पण त्यासाठी एलकुंचवार लागत नाहीत.